पडद्यावरची एसटी तळहातावर: दिवे आणि घंटीसकट प्रतिकृती करताना कामाचा क्रम

श्रावण लागला की माझ्याकडे अर्धवट गाड्या यायला लागतात. गणपतीच्या देखाव्यात ठेवायला कुणी लाल एसटी केलेली असते. चित्रपटातल्या एखाद्या प्रसंगात दिसते तशी, गोल हेडलाइट, छतावर टप, मागे शिडी. सुतारकाम सुंदर असतं. आणि तक्रार एकच असते: स्पीकर आत मावत नाही. मग तळाला भोक पाडतात, बॅटरी बाहेर वायरने लोंबते, आणि खिडकीतून हिरवी सर्किट पट्टी दिसते.

चूक हाताची नसते, क्रमाची असते. लाकूड कापता येतं, रंग खरवडता येतो, पण स्पीकर आणि सेल यांचं माप तुमच्या इच्छेने बदलत नाही. म्हणून ते आधी ठरतात, त्यांच्यावरून गाडीचं प्रमाण ठरतं, आणि करवत सगळ्यात शेवटी हातात येते.

खालचा क्रम १:६४ प्रमाणातल्या (खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्शाएवढ्या), साधारण साडेसोळा सेंटिमीटर लांबीच्या एसटीसाठी आहे. होडी, ट्रक किंवा रेल्वे इंजिन करणार असाल तरी पायऱ्या याच.

१. प्रसंग एकच धरा, आणि त्यातून तीन फ्रेम काढा

पडद्यावर दिसते ती गाडी सगळीकडे सारखी नसते. एका प्रसंगात एक बस, दुसऱ्यात दुसऱ्याच डेपोची. समोरची जाळी एका दृश्यातून आणि मागची शिडी दुसऱ्यातून घेतलीत तर जगात कुठेही नसलेली गाडी तयार होईल. एक प्रसंग निवडा आणि त्याच्याशी प्रामाणिक राहा.

त्या प्रसंगातून एक बाजूची, एक समोरची आणि एक मागची फ्रेम काढा. बाजूची फ्रेम लांबून घेतलेली हवी. कॅमेरा जवळ असला की पुढचं चाक मोठं आणि मागचं लहान दिसतं, आणि त्यावरून काढलेलं प्रत्येक माप चुकतं. शक्यतो गाडी उभी असतानाची फ्रेम घ्या. जुन्या टीव्ही प्रक्षेपणावरून उतरवलेल्या चित्रफितीत हलत्या वस्तूच्या कडा कंगव्यासारख्या फाटतात.

*तपासणी:* फ्रेममध्ये चाकाची उंची आणि रुंदी पिक्सेलमध्ये मोजा. दोन्ही सारखी नसतील तर चित्र ताणलेलं आहे. ४:३ चं जुनं चित्र १६:९ मध्ये ताणून टाकण्याची सवय सर्रास आहे, आणि तशा फ्रेमवरून केलेली बस डॅशहंड कुत्र्यासारखी लांबुडकी होते. रुंदी बरोबर करून मगच पुढे जा. त्यानंतर पुढच्या आणि मागच्या चाकाचा व्यास ताडून पाहा. शंभराला दोनहून जास्त फरक आला तर ती फ्रेम सोडा, दुसरी शोधा.

२. चाकावरून मापं काढा

फ्रेममध्ये एक तरी अशी वस्तू हवी जिचं खरं माप माहीत आहे. एसटीसारख्या जड गाडीच्या १०.००-२० मापाच्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे १०५० मिलिमीटर असतो. समजा फ्रेममध्ये चाक ९६ पिक्सेल भरलं आणि गाडीची लांबी ९६० पिक्सेल. म्हणजे गाडी चाकाच्या दहापट, साडेदहा मीटर. १:६४ मध्ये चाक १६.४ मिलिमीटर आणि लांबी १६४ मिलिमीटर.

रुंदी बाजूच्या फ्रेमवरून मिळत नाही, समोरच्या फ्रेमवरून घ्या. जड वाहनाच्या नंबरप्लेटचं नियमातलं माप ३४० गुणिले २०० मिलिमीटर आहे, ते तिथे पट्टीसारखं वापरता येतं. मात्र जुन्या गाड्यांवर नंबर थेट पत्र्यावर रंगवलेला असे. तसा असेल तर त्यावर विसंबू नका, हेडलाइट धरा. जुना गोल हेडलाइट बहुधा ७ इंची, म्हणजे १७८ मिलिमीटर. १:६४ मध्ये तो २.८ मिलिमीटर होतो, आणि ३ मिलिमीटरचा साधा एलईडी तिथे चपखल बसतो. हे प्रमाण मला आवडण्याचं तेही एक कारण.

सगळी मापं एका कागदावर खऱ्या आकारात काढा: बाजू, समोर, मागे, आणि वरून. खिडक्यांची खालची कड ठळक काढा. पुढचं सगळं त्या रेघेवर अवलंबून आहे.

३. पोट मोजा

गाडीची बाहेरची रुंदी अडीच मीटर धरली तर १:६४ मध्ये ती ३९ मिलिमीटर होते. दोन्ही बाजूंना ३ मिलिमीटरचा प्लाय वजा केला की आत उरतात ३३. यात २८ मिलिमीटरचा गोल स्पीकर बसतो. ४० मिलिमीटरचा हवा असेल तर १:५० ला जावं लागेल आणि गाडी २१ सेंटिमीटर होईल. १:८७ केलीत तर आत तेवीस मिलिमीटरही उरत नाहीत. तिथे बसणारा स्पीकर डासासारखा गुणगुणतो, त्याच्यासाठी कष्ट करू नका.

आता उंची. इथेच सगळे फसतात. खिडक्यांतून आत दिसतं, आणि आतला दिवा लावला की जास्तच दिसतं. म्हणून प्रत्येक वस्तू खिडकीच्या खालच्या कडेच्या खाली राहिली पाहिजे. गाडीच्या पत्र्याची खालची कड ते खिडकीची खालची कड हे अंतर तुमच्या कागदावर मोजा आणि तळाच्या पट्टीची जाडी वजा करा. माझ्या गाडीत १९ मिलिमीटर उरले. तेवढ्यात सगळं बसवायचं, वर एक खोटी जमीन टाकायची, आणि सीटं त्या जमिनीवर चिकटवायची. पाहणाऱ्याला सीटांच्या पाठी दिसतात, बाकी काही नाही.

या जागेत मी ठेवतो ते सामान असं: २८ मिलिमीटरचा ८ ओहमचा स्पीकर, त्याची बंद पेटी, १४५०० मापाचा लिथियम सेल (१४ मिलिमीटर जाड, ५० लांब), डीएफ-प्लेयर मिनी हे आवाजाचं मॉड्यूल (जेमतेम २० गुणिले २०), प्रो मिनी हा दिवे आणि आवाज चालवणारा कोड घालायचा छोटा बोर्ड, ३.३ व्होल्ट आणि ८ मेगाहर्ट्झवाला (१८ गुणिले ३३), आणि टीपी ४०५६ चार्जिंगची पट्टी. चाकांच्या खोबणी दोन्हीकडून सात-सात मिलिमीटर खातात, मध्ये १९ उरतात. प्रो मिनी गाडीच्या लांबीच्या दिशेने तिथेच जाते. सेलच्या शेजारी चार्जिंगची पट्टी राहते.

पुठ्ठ्याचे याच मापांचे तुकडे कापून कागदावर मांडा. वायरींसाठी जमेल तिथे दोन मिलिमीटर सोडा. पुठ्ठ्यात बसत नसेल तर लाकडात बसणार नाही.

*थांबा:* १४५०० सेल दिसायला साध्या पेन्सिल सेलसारखाच असतो, पण तो ३.७ व्होल्टचा आहे. घरातल्या रिमोटच्या सेलांत तो मिसळू देऊ नका. त्याच्या टोकांवर थेट सोल्डर करू नका, उष्णतेने तो आतून बिघडतो. पट्ट्या जोडलेलाच सेल विकत घ्या.

४. टेबलावर सगळं आधी चालवा

लाकडाला अजून हात लावायचा नाही. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खोचून जोडणी करायच्या पाटीवर) पूर्ण गाडी चालली पाहिजे.

टीपी ४०५६ घेताना त्यावर सेलच्या दोन टोकांशिवाय बाहेर जाणारी वेगळी दोन टोकं आहेत का ते पाहा. ती असतील तर त्यात सेलला वाचवणारं सर्किट आहे. नसतील तर दुकानातच परत करा. ही पट्टी येताना १ अँपिअरने चार्ज करण्यासाठी लावलेली असते, आणि छोट्या १४५०० ला ते फार होतं. तिच्यावरचा १.२ किलो ओहमचा रोध (रेझिस्टर) काढून ३ किलो ओहमचा लावा, प्रवाह ४०० मिलिअँपिअरवर येतो. हिशेब सोपा आहे: १२०० ला किलो ओहमने भागा.

प्रो मिनीला बाहेर जाणाऱ्या टोकांवरून थेट व्हीसीसी या वीज घेणाऱ्या पिनवर पुरवठा द्या. ८ मेगाहर्ट्झवर सेल पूर्ण भरलेला असल्यापासून उतरेपर्यंत ती नीट चालते. हीच जागा १६ मेगाहर्ट्झच्या नॅनो या बोर्डाने भरणारे बरेच जण आहेत. सेल उतरत आला की ती बेभरवशी वागते, आणि ऐन आरतीच्या वेळी गाडी मुकी होते.

डीएफ-प्लेयरच्या आरएक्स या आज्ञा घेणाऱ्या पिनवर १ किलो ओहमचा रोध लावा, नाहीतर स्पीकरमध्ये सतत खरखर राहते. त्याच्या पुरवठ्याच्या दोन पिनांवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा. मोठ्या आवाजाच्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं आणि मॉड्यूल पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, हा दोष त्याने जातो.

मेमरी कार्ड ३२ जीबीपर्यंतचं, एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट केलेलं. आवाजाच्या फाइली फोल्डर न करता नुसत्या टाकू नका. तसं केलं तर मॉड्यूल नावाकडे न पाहता कॉपी केलेल्या क्रमाने त्यांना क्रमांक देतं, आणि हॉर्नच्या जागी इंजिन वाजतं. एमपी-थ्री हेच इंग्रजी नाव दिलेलं फोल्डर करा, आत फाइलींना चार इंग्रजी आकड्यांची नावं द्या, आणि कोडमध्ये त्या फोल्डरमधून वाजवण्याची आज्ञा वापरा.

५. आवाज: चित्रपटातून उचलू नका

चित्रपटातल्या घंटीवर संवाद आणि पार्श्वसंगीत चढलेलं असतं, ते वेगळं होत नाही. शिवाय तो दुसऱ्याचा माल आहे. चित्रपटातून फक्त वेळ घ्या: दोन ठोक्यांमध्ये किती फ्रेम गेल्या, घंटीनंतर किती वेळाने गाडी हलली. आवाज खऱ्या गाडीचा घ्या. स्थानकप्रमुखांना विचारा, दुपारच्या निवांत वेळी उभ्या गाडीत वाहक किंवा चालक काका दोरी ओढून देतात. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. घंटी एकदा वाजली तर थांबा, दोनदा वाजली तर चला. प्रतिकृतीत एकेरी घंटीवर गाडी सुटताना दाखवलीत, तर एसटीने शाळेत गेलेला प्रत्येक माणूस ती चूक पकडेल.

हॉर्न दोन-तीन मीटरवरून रेकॉर्ड करा, जवळून फाटतो. फोनमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची सोय असेल तर बंद करा, आणि डब्ल्यूएव्ही स्वरूपात जतन करा.

मग छाटणी. २८ मिलिमीटरच्या स्पीकरला इंजिनाची खोल घरघर काढताच येत नाही. ती फाइलमध्ये ठेवली तर पडदा नुसता थरथरतो आणि बाकीचा आवाजही बिघडतो. ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं फिल्टरने काढून टाका. इंजिन नाहीसं होईल अशी भीती वाटते, पण तसं होत नाही. वरच्या पट्टीतले त्याचे पडसाद ऐकून कान खालचा सूर स्वतःच भरून काढतो.

*तपासणी:* स्पीकर टेबलावर उघडा ठेवून वाजवा, मग पुठ्ठ्याच्या छोट्या बंद डबीच्या तोंडावर घट्ट धरून वाजवा. दुसऱ्या वेळी आवाज भरदार लागला पाहिजे. उघड्या स्पीकरच्या पुढच्या आणि मागच्या लहरी एकमेकींना खातात, म्हणूनच मागची पेटी हवी. ती पेटी जागेअभावी गाळणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची गाडी पितळेच्या वाटीत वाजल्यासारखी ऐकू येते.

६. दिवे: रंग आणि वेग

पांढराशुभ्र एलईडी लावला की जुनी गाडी क्षणात नवी आणि खोटी दिसते. हेडलाइटला आणि आतल्या दिव्याला उबदार पिवळसर पांढरा घ्या. पांढऱ्याला १५० ओहम, लाल आणि पिवळ्याला ३३० ओहमचा रोध पुरतो, म्हणजे सेल पूर्ण भरलेला असतानाही प्रवाह दहा मिलिअँपिअरच्या आत राहतो. एवढ्या छोट्या गाडीला तो भरपूर आहे. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रोध द्या. एकाच रोधावर दोन लावले की एक प्रखर आणि एक मंद होतो.

पण खरी ओळख वेगात आहे. तारेचा बल्ब एकदम लागत नाही आणि एकदम विझत नाही. कोडमध्ये प्रकाश सुमारे १०० मिलिसेकंदांत चढवा, तेवढ्यातच उतरवा. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो. तुमच्या प्रसंगात तो किती वेगाने चालतो ते फ्रेम मोजून काढा. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रफितीत आठ फ्रेम चालू आणि आठ बंद असेल, तर एक फेरा ०.६४ सेकंदांचा, मिनिटाला ९४. आणि स्टार्टर मारताना हेडलाइट मंदावतो तो क्षण नक्की घाला. आवाज सुरू होताच प्रकाश तिसऱ्या हिश्शावर आणा, इंजिन धरलं की पूर्ण करा. माझ्या गाडीत लोक सगळ्यात जास्त याच क्षणाला दाद देतात.

आवाजाची आज्ञा दिल्यावर मॉड्यूल प्रत्यक्ष वाजायला थोडा वेळ घेतं. दिवा आज्ञेबरोबर बदलला तर तो आवाजाच्या पुढे धावतो. मॉड्यूलची बिझी पिन वाजत असताना शून्यावर जाते. ती वाचा आणि तिच्यावर दिवा बदला.

टेबलावर ही गाडी सलग एक तास चालू दे. एक तास झाला, काही अडलं नाही, गरम झालं नाही, की करवत काढा.

७. सांगाडा

बाजू ३ मिलिमीटरच्या प्लायच्या, छत शिवणीचं. शिवण हलकी असते, कोरायला गुणी असते आणि वाळल्यावर फारशी वाकत नाही. सावंतवाडीच्या खेळण्यांमुळे आपल्याकडे असलं बारीक काम जाणणारे हात आहेत. छताची गोलाई स्वतः जमत नसेल तर त्यांच्याकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

लाकूड वाळलेलं आहे का हे बोटाने कळत नाही. तुकडा सोनाराच्या छोट्या काट्यावर रोज एकाच वेळी तोला. सलग चार दिवस वजन तेच राहिलं की लाकूड तयार. आपल्या दमट हवेत ही पायरी टाळलेल्या गाडीचं छत दिवाळीपर्यंत कडेने उचलतं.

वरचा सांगाडा आणि तळ हे दोन वेगळे भाग ठेवा, चार स्क्रूंनी जोडलेले. स्क्रू स्टेनलेस किंवा पितळेचे, लोखंडी एका पावसात गंजतात. गोंदाने बंद केलेली गाडी पहिल्या बिघाडाला फोडावी लागते. चार्जिंगचं तोंड आणि कार्डाची खाच तळातून उघडी ठेवा. स्पीकर खाली तोंड करून बसवा, तळाला दीड मिलिमीटरची भोकं पाडा. आवाज टेबलावर आपटून बाहेर येतो आणि बाजूच्या पत्र्यावर जाळी दिसत नाही.

८. रंग: मृग लागायच्या आत

अस्तराचा एक हात, लांबी (पुट्टी), घासणं, पुन्हा अस्तर, मग रंगाचे दोन पातळ हात. आतली बाजू आधी काळी करा, नाहीतर सांध्यांतून प्रकाश झिरपतो. रंग शिसं नसलेला घ्या. भारतात घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा दहा लाखात ९० भाग आहे, डब्यावर तसं लिहिलेलं असतं.

पडद्यावरचा लाल जसाच्या तसा घेऊ नका. संध्याकाळच्या प्रसंगात तो तपकिरी होतो, ट्यूबलाइटखाली निळसर. फ्रेममध्ये खात्रीने पांढरं असलेलं काही शोधा, मैलाचा दगड किंवा धुतलेलं धोतर, ते संगणकावर पांढरं करून घ्या आणि मग लाल पाहा. छोट्या वस्तूवर तोच रंग जास्त गडद दिसतो, म्हणून किंचित उजळवा. त्यासाठी पांढरा मिसळला तर गुलाबी होतो. नारिंगीचे थेंब घाला.

*थांबा:* पावसाळी हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचा फवारा मारू नका. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि लाल रंगावर दुधाळ पापुद्रा येतो. मे महिन्यात रंग उरकणं सगळ्यात चांगलं. उशीर झालाच तर ब्रशने एनॅमल द्या, आणि आत बल्ब लावलेल्या लाकडी खोक्यात वाळवा.

रंग पूर्ण वाळल्यावर खिडक्यांना आतून ओएचपी शीटचे (पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ कागदाचे) तुकडे लावा. सुपर ग्लू वापरू नका, त्याच्या वाफेने काच पांढरी पडते. पांढरा फेव्हिकॉल काठाला पातळ लावा.

९. बसवणी आणि खारी हवा

समुद्रापासून दहा-पंधरा किलोमीटर आतही तांब्यावर हिरवट थर चढतो. सोल्डर झाल्यावर राहिलेला चिकट फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश लावून धुवा, हिरवं पडायला तिथूनच सुरुवात होते. नंतर जोडांवर सर्किटसाठीचं पारदर्शक लॅकर द्या. कार्डाची खाच, बटणं, चार्जिंगचं तोंड आणि स्पीकरचा पडदा आधी टेपने झाका.

वायर घट्ट बसवायला व्हिनेगरसारख्या वासाचा सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. गरम गोंदाची कांडी पुरते. स्पीकरच्या पेटीच्या कडाही त्यानेच बंद करा आणि कानाजवळ धरून कुठून हवा सुटते ते ऐका.

आधी स्पीकर आणि त्याची पेटी, मग सेल, मग बोर्ड, मग दिव्यांच्या वायरी, आणि शेवटी खोटी जमीन. प्रत्येक वस्तू बसवली की गाडी एकदा चालवा. सगळं बसवून मग बटण दाबणाऱ्याला दोष नेमका कुठे आला ते शोधायला सगळं पुन्हा काढावं लागतं.

*तपासणी:* खोलीत अंधार करा, आतला दिवा लावा आणि गाडी डोळ्यांच्या पातळीवर धरून फिरवा. खिडकीतून वायर, बोर्डावरचा चालू असल्याचा लाल ठिपका किंवा सोल्डर दिसता कामा नये. बोर्डावरचे ते ठिपके काळ्या टेपने झाका. मग पहिल्या पायरीतली फ्रेम फोनवर लावा, त्याच कोनातून गाडीचा फोटो घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. फोटो लांबून, झूम करून घ्या, जवळून घेतला तर पुन्हा चाकं लहानमोठी दिसतील.

मुलांच्या हाती देताना आणि विकताना

तीन वर्षांच्या आतल्या मुलाला ही गाडी देऊ नका, शिडी आणि आरसे सुटून तोंडात जातात. विकायचा विचार असेल तर खेळण्यांसाठीचं मानक आयएस ९८७३ आणि विजेवरच्या खेळण्यांसाठीचं आयएस १५६४४ आधी पाहा. २०२१ पासून ही बंधनकारक आहेत. महामंडळाचं बोधचिन्ह विक्रीच्या मालावर लावायला त्यांची परवानगी लागते.

गणपती गेल्यावर

चार्जर लावून देखाव्यात गाडी ठेवू नका, चार्ज करायची तर माणूस समोर असताना. विसर्जनानंतर सेल पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नका. ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा, तळाचा स्विच बंद करा, आणि गाडी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून उंच फळीवर ठेवा. दर तीन महिन्यांनी डबा उघडून सेलचं व्होल्टेज पाहा, आणि पुड्या कढईत मंद आचेवर कोरड्या करून परत टाका.